पार्श्वभूमी: वॉशिंग्टनमधली ४१७ सेकंदांची रोषणाई

हिवाळ्यातल्या, नाताळच्या रोषणाईकडे आता एकोप्याची खूण म्हणून पाहिले जाते. तिची सुरुवात मात्र चक्क जाहिरातीतून झाली. डिसेंबर १८८२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका घरात ८० लाल, पांढऱ्या आणि निळ्या दिव्यांचे नाताळचे फिरते झाड उभे राहिले, आणि घरमालक होता विजेच्याच धंद्यातला. सगळ्यांसाठी भर चौकात झाड लागायला १९१२ उजाडले. तेही न्यूयॉर्कमध्येच, मॅडिसन स्क्वेअरला. वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते दिवे लावण्याचा सोहळा १९२३ पासूनचा.

खरा पेच दिवे लावण्याचा नव्हताच, न लावण्याचा होता. युद्धामुळे १९४२ ते १९४४ वॉशिंग्टनचे झाड अंधारात राहिले, तेव्हा कारण उघड होते. १९७३ च्या तेलटंचाईत राष्ट्राध्यक्षांनी घराबाहेरच्या शोभेच्या दिव्यांना आवर घालायला सांगितले. त्या वर्षी सरकारी झाडावरही नेहमीच्या माळा चढल्या नाहीत, बाहेरून प्रकाशझोत सोडून भागवले गेले. तिथेही हिशेब वॅटचाच होता.

१९७९ चे प्रकरण वेगळे. ४ नोव्हेंबरला तेहरानमधल्या अमेरिकी वकिलातीत लोकांना ओलीस धरले गेले. डिसेंबरमध्ये सोहळ्याला गर्दी जमली, राष्ट्राध्यक्षांच्या लहान मुलीने कळ दाबली, आणि मोठ्या झाडाच्या शेंड्यावरचा एक तारा तेवढा लागला. भोवतालची पन्नास छोटी झाडे निळ्या दिव्यांनी उजळली, एकेका ओलिसाच्या नावाने एकेक. बाकीचे दिवे माणसे घरी आल्यावरच लागतील, असे गर्दीला सांगण्यात आले.

याला नाटकीपणा म्हणता येईल. ओलीस धरणाऱ्यांना हवे होते तेच दृश्य आपल्या हाताने उभे केले, असाही आक्षेप घेता येतो आणि तो अगदीच पोकळ नाही. तरीही हजारो दिव्यांनी जे साधले नसते ते त्या काळोख्या झाडाने साधले, असेच म्हणावे लागते. पूर्ण उजळलेल्या झाडापुढे माणूस घटकाभर थांबतो आणि पुढे जातो. अर्धवट झाड कशाची तरी वाट पाहत असते, आणि बघणाऱ्यालाही वाट पाहायला लावते.

पुढचा नाताळ आला तरी सुटका नव्हती. तेव्हा झाड ४१७ सेकंदांपुरते लावले गेले, कैदेच्या प्रत्येक दिवसामागे एक सेकंद. म्हणजे जेमतेम सात मिनिटे. मग पुन्हा अंधार. २० जानेवारी १९८१ रोजी ४४४ दिवसांनी सुटका झाली आणि नाताळ उलटून गेलेला असताना झाड पूर्ण उजळले.

त्यानंतर एलईडी आले आणि वीज वाचवण्याचा जुना मुद्दा बराच बोथट झाला. २०२० च्या मार्चमध्ये, टाळेबंदीत, अमेरिकेत कित्येकांनी माळ्यावर गेलेल्या माळा पुन्हा खिडक्यांत टांगल्या. मोसम नव्हता, पण समोरच्या घराला दिसावे की आपण आहोत, एवढेच. त्याच वर्षअखेरीस न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरच्या झाडाचे दिवे प्रेक्षकांविना लागले.

२०२२ मध्ये पेच परत आला. वीज महागल्याने पॅरिसच्या शाँझेलिझे या मोठ्या रस्त्यावरची रोषणाई रात्री पावणेबाराला बंद होऊ लागली. युक्रेनच्या राजधानीत, कीवमध्ये तर वीजकेंद्रांवर हल्ले चालू असताना झाड लावायचे की नाही यावरच वाद झाला. शेवटी सोफिया चौकात १२ मीटरचे कृत्रिम झाड जनरेटरवर पेटले. रेल्वे स्थानकातल्या दुसऱ्या एका झाडाशेजारी सायकली जोडल्या होत्या: कुणीतरी बसून पेडल मारायचे, तोवर दिवे लागायचे.