संघनित द्रव्य भौतिकी : पीएच.डी. स्तरावरील अभ्यास

घन व द्रव पदार्थांतले असंख्य कण एकमेकांवर परिणाम करत एकत्रितपणे कसे वागतात, हे शोधणारी भौतिकीची शाखा म्हणजे संघनित द्रव्य भौतिकी. पूर्वी ती घन अवस्था भौतिकी म्हणून ओळखली जाई. फिलिप अँडरसन आणि फोल्कर हाइने यांनी १९६७ मध्ये केंब्रिजमधील आपल्या गटाच्या नावात ‘घन अवस्था’ऐवजी ‘संघनित द्रव्य’ असा बदल केला, आणि पुढे हेच नाव रूढ झाले.

एम.एस्सी.पर्यंत विद्यार्थी एका वेळी एकाच इलेक्ट्रॉनाचा विचार करतो. स्फटिकाची जाळी, तिच्यातून जाणारा इलेक्ट्रॉन आणि त्याचे ऊर्जापट्टे, म्हणजे त्याला घेता येणाऱ्या ऊर्जांचे टप्पे. तांब्यातून वीज वाहते आणि हिऱ्यातून वाहत नाही, हे तेवढ्यावरून उलगडते. निकेल ऑक्साइडपाशी मात्र हा हिशेब फसतो. ऊर्जापट्ट्यांच्या सरळ सिद्धांतानुसार तो धातूसारखा वीजवाहक असायला हवा, प्रत्यक्षात तो निरोधक (वीज न वाहू देणारा) आहे, कारण त्यातल्या इलेक्ट्रॉनांचे परस्पर प्रतिकर्षण दुर्लक्षून चालत नाही. पीएच.डी.चा अभ्यास खऱ्या अर्थाने इथून सुरू होतो.

एक घन सेंटिमीटर तांब्यात दहाच्या बाविसाव्या घाताहून अधिक मुक्त इलेक्ट्रॉन असतात. त्या सगळ्यांची समीकरणे सोडवणे अशक्य. लेव्ह लांडाऊ यांनी १९५६ मध्ये वाट दाखवली : या गर्दीतल्या उत्तेजित अवस्थाच कणांसारख्या वागतात, तेव्हा हिशेब त्या आभासी कणांचा मांडावा. ग्रीन फलने, फाइनमन आकृत्या, रिनॉर्मलायझेशन ही कोर्सवर्कमधली गणिती साधने याच विचाराभोवती उभी आहेत. गणित येणे ही यातली निम्मी वाट. कोणते पद ठेवायचे आणि कोणते सोडायचे, हे ओळखण्याची नजर उदाहरणे स्वतः सोडवूनच येते.

प्रयोगाकडे वळलेल्याचे दिवस वेगळे. भट्टीत स्फटिक सावकाश वाढवायचा, क्ष-किरणांनी तो तपासायचा, केसाहून बारीक सोन्याच्या तारा चांदीच्या पेस्टने त्यावर चिकटवायच्या आणि मग नमुना द्रव हेलियमच्या ४.२ केल्विनपर्यंत (सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअस) किंवा त्याहून खाली थंड करायचा. एक तार सुटली की सगळे पुन्हा पहिल्यापासून.

या शाखेचे काही पायाभूत शोध विद्यार्थ्यांच्या हातून लागले आहेत. अतिसंवाहकता, म्हणजे अतिथंड पदार्थातला विजेचा रोध पूर्ण नाहीसा होणे, १९११ मध्ये सापडली, पण चार दशके उलटली तरी तिचे कारण कळले नव्हते. इलिनॉय विद्यापीठात जॉन बार्डीन यांच्याकडे पीएच.डी. करणाऱ्या रॉबर्ट श्रीफर यांनी हाच प्रश्न घेतला होता. १९५६ च्या अखेरीस वाट सापडेना, म्हणून विषय बदलण्याचा विचार त्यांच्या मनात आला. ट्रान्झिस्टरसाठीचे नोबेल घ्यायला स्टॉकहोमला निघालेल्या बार्डीन यांनी आणखी महिनाभर नेट लावायला सांगितले. १९५७ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत श्रीफर यांना इलेक्ट्रॉनजोड्यांच्या एकत्रित तरंगफलनाची (त्यांच्या अवस्थेच्या गणिती वर्णनाची) कल्पना सुचली. तिच्यावर उभ्या राहिलेल्या सिद्धांताला १९७२ चे नोबेल मिळाले. केंब्रिजचे ब्रायन जोसेफसन यांनीही १९६२ मध्ये, दोन अतिसंवाहकांमधल्या पातळ निरोधक थरातून इलेक्ट्रॉनजोड्या व्होल्टेजशिवायही वाहतील, हे आपले प्रसिद्ध भाकीत केले ते संशोधक विद्यार्थी असतानाच, वयाच्या २२ व्या वर्षी.

भारतात या अभ्यासाला येण्यासाठी नेट, गेट, जेस्ट या परीक्षा आहेत. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, पुण्याची आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) अशा ठिकाणी तो चालतो. टाटा संस्थेतील गटाने इट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या संयुगांतली अतिसंवाहकता दाखवली. तो निबंध १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि बोरोकार्बाइडांवर जगभर काम सुरू झाले. याच संस्थेने २०१६ मध्ये शुद्ध बिस्मथ हा धातू ०.५३ मिलिकेल्विनला (मिलिकेल्विन म्हणजे केल्विनचा हजारावा भाग) अतिसंवाहक होत असल्याचे जाहीर केले. बिस्मथमध्ये लाखभर अणूंमागे जेमतेम एक मुक्त इलेक्ट्रॉन असतो. इतक्या विरळ इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळतात कशा, याचे उत्तर श्रीफर यांच्या सिद्धांताच्या नेहमीच्या रूपात बसत नाही.