चामड्याच्या बॅगेवर शाई येते कुठून?

पावसाळा लागला की नाशकात हौसेनं हाताने शिवलेली लेदर बॅग घेतलेल्यांपैकी एखादा तरी ग्रुपवर फोटो टाकतोच, फिकट बदामी चामड्यावर बारीक काळे-निळसर ठिपके आणि खाली मेसेज, "फंगस आलंय, काय लावू?" मग ग्रुपवरचे सगळे डॉक्टर जागे होतात, कोणी टूथपेस्ट सांगतं, कोणी सॅनिटायझर, आणि परवा एका रीलमध्ये एक बाई खायच्या सोड्याची पेस्ट फासून "डाग गायब" म्हणत होत्या, गायब झालेला डाग मात्र शेवटपर्यंत दाखवला नाही. ती रील बघूनच हे लिहायला बसलो, कारण या डागावर सोडा लावणं नेमकं उलटं काम आहे, आणि ते उलटं का हे कळलं की मेंदी, जुनी शाई, वाइन आणि आयर्नच्या गोळ्या हे सगळं एका झटक्यात कळतं.

आधी ओळख पटवू. बुरशी मऊ असते, पांढरी किंवा हिरवट, कुबट वास येतो आणि कोरड्या फडक्यानं निघते (परत येते ती गोष्ट वेगळी). पांढरा थर आहे, पण हेअर ड्रायरची गरम हवा मारल्यावर वितळून आत गेला, तर ती चामड्यात मुरवलेली चरबी वर आलेली असते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. वितळत नाही पण ओल्या फडक्यानं विरघळतो तर मीठ. आणि जो डाग काळा-निळा आहे, पुसून हलत नाही, बोटाला लागत नाही, चामड्याच्या आतूनच आल्यासारखा दिसतो, तो बहुतेक वेळा लोखंडाचा. लोखंडाचा म्हणजे गंजाचा नाही हां, गंज तांबडा असतो. हा काळा आहे कारण तिथे शाई तयार झालीये, खरोखरची, शेकडो वर्षं लोक जिनं लिहायचे ती.

आता थोडं मागे जाऊ. कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजेन नावाचं प्रथिन, तीन साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या, साधारण ३०० नॅनोमीटर लांब आणि दीड नॅनोमीटर जाड अशी काडी. तीन साखळ्यांची ही रचना १९५४ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडली, आणि त्यासाठी लागलेला कोलॅजेनचा नमुना, कांगारूच्या शेपटीतला, शेजारच्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतून आणला होता. आपल्याकडे विज्ञानाचा इतिहास सांगताना विमानं आणि अणुबॉम्ब काढतात, ही गोष्ट मात्र कोणी सांगत नाही.

तर हे कोलॅजेन तसंच ठेवलं तर सडतं. सडू नये म्हणून काड्यांच्या मध्ये काहीतरी घट्ट अडकवावं लागतं, तेच टॅनिंग. आज जगातलं ८० टक्क्यांच्या आसपास चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलं जातं, त्याचं पेटंट १८८४ साली अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झनं घेतलं, काम एखाद्या दिवसात उरकतं. जुनी पद्धत झाडपाल्याची, तिला आठवडे लागतात. आपल्याकडे बाभळीची साल, हिरडा, तरवड. कोल्हापुरी चपलेचं चामडं असंच करतात, कातड्याचीच पिशवी शिवून तिच्यात साल-हिरड्याचं पाणी भरायचं आणि टांगून ठेवायचं, म्हणजे ते पाणी आतून बाहेर झिरपत झिरपत कातडं कमावतं. (या चपलेला २०१९ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, चार जिल्हे महाराष्ट्रातले आणि चार कर्नाटकातले.) हातानं बॅगा बनवणारे हौशी लोक ज्याला व्हेज टॅन म्हणतात ते हेच चामडं, कारण ते ओलं केलं की त्यावर ठसे उमटवता येतात, कडा घासून काचेसारख्या गुळगुळीत होतात, आणि वापरून वापरून रंग मस्त गडद होत जातो.

यात जे अडकवलंय ते टॅनिन. सुक्या हिरड्यात वजनाचा साधारण तिसरा हिस्सा टॅनिन असू शकतं. म्हणजे व्हेज टॅनची बॅग ही टॅनिननं गच्च भरलेली वस्तू आहे आणि ती फक्त लोखंडाची वाट बघत असते.

इथून पुढे माझा आवडता भाग, कंटाळा आला तर दोन परिच्छेद सोडून पुढे जा.

टॅनिनच्या रेणूत कार्बनच्या षटकोनी कड्या असतात आणि प्रत्येक कडीवर दोन किंवा तीन ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजन) गट एकमेकांच्या अगदी शेजारी बसलेले असतात. शेजारी हे महत्त्वाचं, कारण त्या दोन ऑक्सिजनचा मिळून चिमटा तयार होतो आणि त्या चिमट्यात लोहाचा आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला अणू, बरोब्बर बसतो. पण लोह दोन अवतारात येतं, फेरस म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं आणि फेरिक म्हणजे तीन. ओल्या चामड्यावर सुई किंवा हातोडी टेकली, चामड्याचा पीएच साधारण ३.५ ते ५ म्हणजे आंबटच, त्या आंबटपणात लोखंडाचे थोडे अणू सुटतात ते आधी फेरस म्हणून सुटतात, आणि फेरस टॅनिनला धरून बसलं तरी रंग जवळजवळ दिसतच नाही. मग हवेतला ऑक्सिजन त्याचा आणखी एक इलेक्ट्रॉन काढून घेतो, फेरिक होतं, आणि डाग वर येतो. म्हणून काम करताना चामडं स्वच्छ दिसतं, तुम्ही चहा पिऊन येता तोवर ठिपका हजर. जुन्या शाईचंही असंच होतं, तीही टॅनिन आणि लोहाचीच, लिहिताना फिकी आणि नंतर काळीभोर.

आता काळा रंगच का? फेरिक आयनच्या डी-ऑर्बिटलमध्ये (इलेक्ट्रॉन बसायच्या कप्प्यांत) जागा रिकाम्या असतात आणि शेजारच्या कडीकडे इलेक्ट्रॉन भरपूर. उजेड पडला की कडीवरचा इलेक्ट्रॉन त्या उजेडाची ऊर्जा घेऊन लोहावर उडी मारतो. ही उडी सरळ सरळ परवानगी असलेली उडी आहे (स्वतः लोहाच्या आतल्या आत होणाऱ्या उड्यांना क्वांटमचे नियम जवळजवळ मनाई करतात, म्हणून नुसत्या फेरिक क्षाराचा रंग फिका असतो), त्यामुळे शोषण जबरदस्त होतं, आणि एका आयनला एक, दोन की तीन टॅनिन चिकटलेत त्यावर शोषणाचा पट्टा सरकतो. साध्या कॅटेकॉलवर (एकच कडी आणि शेजारी दोन ओएच असलेला छोटा रेणू) हे छान दिसतं, एक चिकटलं तर हिरवट-निळा, दोन तर जांभळा, तीन तर लाल. किती चिकटणार ते पीएचवर, आम्ल कमी झालं की जास्त. चामड्यात सगळ्याची खिचडी असते, दिसणाऱ्या उजेडाचा बहुतेक भाग खाल्ला जातो, उरतो काळा. हिरड्यासारख्या टॅनिननं काळा-निळा येतो आणि बाभळीच्या सालीसारख्यानं काळा-हिरवट, लॅबमध्ये फेरिक क्लोराइडचा थेंब टाकून हाच फरक ओळखतात.

हुश्श. परत आलात? आता किचनमध्ये बघा. केसांना लावायची मेंदी लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात रात्रभर का भिजवायची, आवळा पावडर त्याच कढईत का काळी होते, सगळं हेच. डॉक्टर सांगतात आयर्नच्या गोळीवर चहा पिऊ नका, कारण पोटात हाच चिमटा लोह पकडून ठेवतो आणि ते रक्तात जात नाही. आणि नाशिककरांना तर घरचंच उदाहरण आहे, वाइन. रेड वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीचं आणि बियांचं टॅनिन असतं, तिच्यात लोह जास्त झालं, लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर वगैरे, तर वाइन निळसर गढूळ होते, वाइनवाले त्याला ब्लू कास म्हणतात. वाइनरी बघायला गेलात की त्या चकचकीत स्टेनलेस स्टीलच्या टाक्या दिसतात ना, त्या नुसत्या फोटोसाठी नाहीत.

मग बॅगेवर लोखंड येतं कुठून? सगळ्यात जास्त हत्यारांतून. आपल्याकडचे चर्मकार पिढ्यानपिढ्या रापी (कापायचं पातं) आणि आरीवर (भोकं पाडायचं हत्यार) काम करत आले, दोन्ही पोलादाच्या, पण त्यांच्या मालाच्या कडा शेवटी काळ्या रंगवल्या की डाग कोणाला दिसणार. हौशी माणूस मात्र चामडं नैसर्गिक रंगातच ठेवतो आणि तिथे सगळं उघडं पडतं. ठसे मारायचे स्टॅम्प क्रोम प्लेटिंगचे असतात, प्लेटिंग उडालं की प्रत्येक ठशाला काळी किनार. ओल्या चामड्यात सुई रात्रभर टोचून ठेवली की सकाळी तिच्याभोवती काळं कडं. शिवण हातानं घालतात तेव्हा एकच दोरा आणि त्याच्या दोन टोकांना दोन सुया, दोन्ही सुया त्याच भोकातून उलट-सुलट जातात, त्यामुळे एका बाजूचा टाका तुटला तरी दुसऱ्या बाजूचा धरून ठेवतो, मशीनच्या टाक्याला ते जमत नाही. (ही शिवण अमर आहे असं सांगणारे लोक थोडं जास्तच सांगतात, खराब दोरा घेतला की कुठलीच शिवण टिकत नाही.) पण प्रत्येक भोकातून पोलाद दोनदा जातं हेही खरं, म्हणून चामडं कोरडं झाल्यावरच शिवायचं आणि दोऱ्याला मेण लावायचंच, मेण पाणी अडवतं आणि पाणी नाही तर लोखंड सुटत नाही.

ठिपक्यांचं मात्र वेगळंच कारण असतं. नाशकातल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या भागात शेजारच्या शेडमध्ये ग्राइंडर चालू असेल तर लोखंडाची इतकी बारीक धूळ उडते की दिसतच नाही, ती टेबलावर बसते, चामड्यावर बसते, महिनोन् महिने काही होत नाही. मग जुलै येतो, हवा दमट होते, बॅगेवर पावसाचे चार शिंतोडे पडतात, आणि प्रत्येक कण आपापल्या जागी एक ठिपका काढतो. म्हणूनच ते फंगससारखं वाटतं, सीझन तोच ना. घरी फॅब्रिकेशनचं काम काढलं असेल, किंवा जुन्या गंजक्या लोखंडी पाइपच्या पाण्यानं चामडं ओलं केलं असेल, तरी तेच. बक्कल साधं लोखंडी असेल तर त्याच्याखाली डाग ठरलेला, स्टेनलेस किंवा पितळ घ्या. पितळेभोवती कधीकधी हिरवं मेणचट काहीतरी साचतं, ते चामड्यातल्या तेलातली फॅटी अॅसिडं आणि तांबं यांचं, जुन्या टूथब्रशनं निघतं.

इथे एक मजा सांगतो. शनिवारी लोखंड विकत घेऊ नये आणि चामडंही घेऊ नये असं आपल्याकडे घराघरात सांगतात, दोन्ही शनीच्या खात्यात, आणि रंगही काळाच. बॅगेवर काळे डाग पडले म्हणून पिंपळाखाली तेल वाहायला निघालेली माणसं आहेत. शनिवारी घेतलेली बॅग डाग धरते आणि गुरुवारी घेतलेली धरत नाही असं काही टॅनिनला कळत नाही, त्याला फक्त फेरिक कळतं. दुसऱ्या टोकाला "केमिकल-फ्री लेदर" असं टॅग लावून विकणारे. अहो, हिरड्यातलं टॅनिन केमिकलच आहे, आणि चांगलं दणदणीत केमिकल आहे, म्हणून तर कातडं टिकतंय. आणि लायटर लावून असली-नकली ओळखायची ती रील पाहून कृपया चांगली बॅग जाळू नका, क्रोमचं चामडंही असलीच असतं, फक्त त्यात टॅनिन नसल्यानं सहसा हा डाग पडत नाही.

आता काढायचा कसा. सोडा का नको ते आता तुमच्या लक्षात आलं असेल, सोड्यानं पीएच वाढतो, पीएच वाढला की एकेका लोहाला जास्त टॅनिन चिकटतात आणि पकड घट्ट होते, शिवाय अल्कलीनं आजूबाजूचं चांगलं चामडंही काळपट होतं. हवं ते उलट, म्हणजे आम्ल, आणि नुसतं आम्ल नाही तर टॅनिनपेक्षा जास्त जोरात लोह धरणारं. लिंबू थोडं काम करतं, सायट्रिक अॅसिडमुळे, ताजा आणि हलका डाग असेल तर बघा करून. खरं औषध ऑक्झॅलिक अॅसिड, गंज काढायची पावडर म्हणून मिळतं. तीन ऑक्झॅलेट मिळून लोहाला चहूबाजूंनी घेरतात, टॅनिनला जागाच ठेवत नाहीत, आणि जे तयार होतं ते फिकट हिरवट आणि पाण्यात विरघळणारं, पुसून निघून जातं. अर्धा लिटर कोमट पाण्यात छोटा चमचाभर पुरे. विषारी आहे, त्यामुळे ग्लोव्हज घाला, किचनची भांडी वापरू नका, पोरांच्या हाताला लागू देऊ नका. आधी आतल्या बाजूला कोपऱ्यात ट्राय करा. आणि फक्त डागावर लावू नका, नाहीतर काळ्या ठिपक्याच्या जागी पांढरट ठिपका मिळेल, अख्खा भाग एकसारखा ओला करा, स्वच्छ पाण्याच्या स्पंजनं दोन-तीनदा पुसून घ्या, सावलीत वाळवा (उन्हात किंवा हीटरवर नको, व्हेज टॅनचं ओलं चामडं ७०-८० अंशाला आक्रसतं आणि मग परत येत नाही) आणि वाळल्यावर हलकं तेल द्या.

डाग फारच पसरलेत, निघत नाहीयेत, तर सरळ हार मानून सगळी बॅग काळी करा, त्याच रसायनानं. कलमकारीवाले गूळ आणि भंगार लोखंड पाण्यात आंबवून, हिरडा लावलेल्या कापडावर काळा रंग काढतात, लेदरवाले व्हिनेगरमध्ये स्टील वूल (बारीक पोलादी तारांचा गुंता) टाकून काही दिवस ठेवतात. स्टील वूल आधी साबणानं धुऊन त्याचं तेल काढा, आणि झाकण घट्ट लावू नका, हायड्रोजन सुटतो. ते पाणी गाळून ब्रशनं लावलं की बघता बघता चामडं काळं होतं, रंग वरून बसलेला नसतो त्यामुळे खरवडलं तरी खालून काळंच. आणि इथे मात्र रीलमधल्या बाईंचा सोडा कामाला येतो, चिमूटभर पाण्यात घालून शेवटी एक हात फिरवायचा, उरलेलं आम्ल मरतं आणि काळा पक्का होतो. नंतर भरपूर तेल, कारण या प्रकारात चामडं कोरडं पडतं, आणि खांद्याला लावायच्या आधी पांढऱ्या फडक्यानं जोरात घासून बघा, फडक्याला रंग लागला तर अजून एकदा धुवा, पांढरा शर्ट वाया घालवू नका.