मेमरी आणि डिस्क: लोड बॅलन्सरवर एकाच पानावर दिसणारी दोन वेगळी वाटपं

निपाणी-चिकोडी भागात उसाचं बिल खात्यावर जमा झाल्याचा मेसेज आला की पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत गावातले बहुतेक खातेदार सोसायटीचं ॲप उघडून बघतात. नेमक्या त्याच वेळी ॲप अडलं तर सिस्टीम सांभाळणाऱ्याला फोन येतो, "अहो, कवाधरनं बघतोय, ॲप उघडेनाच झालंय की." तो माणूस लोड बॅलन्सरचं, म्हणजे येणारी कनेक्शनं सर्व्हरवर वाटणाऱ्या यंत्राचं, पान उघडतो आणि समोर दोन पट्ट्या दिसतात. एक मेमरीची, एक डिस्कची. दोन्ही जीबीत मोजलेल्या, दोन्हींत रंगीत तुकडे पाडलेले. त्यातली जी जास्त भरलेली दिसते तिच्यावर संशय जातो, आणि बऱ्याचदा तो चुकीचा असतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या कॉलेजांत, हॉस्पिटलांत, पतसंस्थांत, उद्यमबागेतल्या कारखान्यांत अनेक ठिकाणी एकच मुलगा किंवा मुलगी सगळं नेटवर्क सांभाळते. विचारायला शेजारच्या टेबलावर कोणी नसतं. त्यांच्यासाठी ही दोन वाटपं शेजारी-शेजारी ठेवून बघायला हवीत, कारण दोन्हींचा हिशोब वेगळा, बिघाडाची लक्षणं वेगळी आणि चूक सुधारायची सोय तर फारच वेगळी आहे.

लोड बॅलन्सरचं काम तुम्हाला माहीत आहेच: बाहेरून येणारी कनेक्शनं मागच्या दोन-चार सर्व्हरवर वाटून द्यायची, एखादा सर्व्हर पडला तर त्याला वगळायचं. पूर्वी हे यंत्र रॅकमध्ये बसणारा लोखंडी डबा म्हणून यायचं आणि आत काय किती आहे ते कंपनीच ठरवायची. आता ते बहुधा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे मोठ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभं केलेलं यंत्र, म्हणून बसवतात. त्यामुळे हे दोन्ही आकडे भरायची जबाबदारी बसवणाऱ्यावर येऊन पडली.

मेमरीचा हिशोब

मेमरीत या क्षणी चालू असलेलं काम राहतं. उघडी कनेक्शनं, त्यांतून जाणारा डेटा तात्पुरता धरणारे बफर, टीएलएसची (कनेक्शन सांकेतिक करणाऱ्या पद्धतीची) सत्रं, कोणत्या ग्राहकाला कोणत्या सर्व्हरकडे पाठवलं याची नोंद. कनेक्शन संपलं की त्याची जागा मोकळी होते. म्हणून मेमरी ठरवताना दिवसभरात किती लोक आले हा आकडा कामाचा नाही. सर्वात गर्दीच्या क्षणी एकाच वेळी किती कनेक्शनं उघडी असतात, एवढंच बघायचं.

तो आकडा काढणं अवघड नाही. सेकंदाला २०० नवी कनेक्शनं येत असतील आणि प्रत्येक सरासरी ३० सेकंद उघडं राहत असेल, तर कोणत्याही क्षणी सुमारे ६,००० कनेक्शनं उघडी असतात. एचएप्रॉक्सी या लोड बॅलन्सर सॉफ्टवेअरमध्ये एका बफरचा मूळ आकार १६,३८४ बाइट असतो आणि एका कनेक्शनला जाणारा-येणारा असे दोन लागू शकतात. म्हणजे कनेक्शनमागे ढोबळ ३३ केबी, आणि ६,००० कनेक्शनांना जेमतेम २०० एमबी. टीएलएस त्याच यंत्रावर उलगडत असाल तर यात बरीच भर पडते. तरीही आपल्याकडच्या मध्यम सोसायटीला किंवा कॉलेजला लागणारा आकडा लोक घाबरून मागतात त्यापेक्षा पुष्कळच लहान निघतो. याच हिशोबात एक सोपा उपायही आहे. निष्क्रिय कनेक्शन धरून ठेवायची मुदत ३० सेकंदांवरून ५ वर आणली तर उघड्या कनेक्शनांचा आकडा झपाट्याने उतरतो आणि एक रुपयाही खर्च होत नाही. मेमरी विकत घ्यायच्या आधी ही मुदत बघावी, असं माझं ठाम मत आहे.

एफ-फाइव्ह कंपनीच्या बिग-आयपी या लोड बॅलन्सरवर गोष्ट जरा गुंतागुंतीची होते, कारण तिथे मेमरी मॉड्यूलांमध्ये वाटावी लागते. ट्रॅफिक वाटणारं मॉड्यूल, वेब फायरवॉलचं मॉड्यूल, लॉगिन तपासणारं मॉड्यूल, आकडेवारी गोळा करणारं मॉड्यूल. प्रत्येकाला एक पातळी द्यायची असते. ‘नन’ म्हणजे बंद. ‘मिनिमम’ म्हणजे चालण्यापुरतं, त्यावर काही नाही. ‘नॉमिनल’ म्हणजे चालण्यापुरतं, शिवाय उरलेल्यातला वाटा. ‘डेडिकेटेड’ म्हणजे सगळं एकालाच, बाकीचे बंद. लायसन्स मिळालंय म्हणून सगळी मॉड्यूलं ‘नॉमिनल’वर ठेवायची सवय वाईट आहे. वेब फायरवॉल आणि आकडेवारी ही दोन्ही मॉड्यूलं मेमरीची मोठी गिऱ्हाइकं आहेत, आणि ती न वापरताच चालू ठेवली तर ट्रॅफिक वाटणाऱ्या मूळ कामाच्या तोंडचा घास जातो.

याच यंत्रावर आणखी एक फसगत होते. त्याच्या आत चालणाऱ्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची ‘फ्री’ कमांड दिली की जवळजवळ सगळी मेमरी वापरात दिसते आणि धसका बसतो. ट्रॅफिक हाताळणारा टीएमएम हा गाभा आपल्या वाट्याची मेमरी सुरू होतानाच ताब्यात घेतो. ती आत रिकामी असली तरी लिनक्सच्या नजरेला गेलेलीच दिसते. टीएमएमच्या आतला खरा वापर यंत्राच्या स्वतःच्या कमांडने, म्हणजे टीएमएसएच या कमांड लाइनमधून, बघायचा. साध्या लिनक्सवरही ‘फ्री’च्या ‘फ्री’ या रकान्याकडे न बघता ‘अव्हेलेबल’ या रकान्याकडे बघावं, कारण फायलींच्या कॅशने धरलेली मेमरी गरज पडली की परत मिळते.

खरोखर मेमरी कमी पडली तर ते लपत नाही. बिग-आयपीवर मूळ मांडणीत वापर ८५ टक्क्यांना पोचला की निवांत पडून असलेली कनेक्शनं तोडायला सुरुवात होते, आणि ९५ टक्क्यांना नव्या कनेक्शनांना दार बंद होतं. साध्या लिनक्सवर कर्नल (सिस्टीमचा गाभा) स्वतःच एखादी प्रोसेस मारून टाकतो. दोन्हीकडे फटका त्याच मिनिटाला, ग्राहकाच्या फोनवर दिसतो, आणि गर्दी ओसरली की बऱ्याचदा आपोआप निवळतो. उसाच्या बिलाच्या सकाळी अडलेलं ॲप दुपारी सुरळीत चालू लागलं, तर आधी मेमरीकडे आणि कनेक्शनांच्या मर्यादेकडे बघा.

डिस्कचा हिशोब

डिस्कवर साचलेलं राहतं. ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रती, कॉन्फिगरेशन, लॉग (घडामोडींच्या नोंदी), बॅकअप, एखादी प्रोसेस कोसळल्यावर पडलेल्या कोअर फायली (तिच्या मेमरीची प्रत). इथे गर्दीचा क्षण गौण ठरतो. दिवसाला किती साचतं आणि किती दिवस ठेवायचं, या दोन आकड्यांचा गुणाकार बघायचा.

ट्रॅफिक वाटण्याच्या प्रत्यक्ष कामाला डिस्क जवळपास लागतच नाही. एचएप्रॉक्सी एकदा सुरू झालं की फाइल सिस्टीमला हात लावत नाही. लॉगसुद्धा सिसलॉगकडे, म्हणजे लॉग गोळा करणाऱ्या सेवेकडे, पाठवून मोकळं होतं. म्हणूनच ॲप हळू चालतंय म्हणून लोड बॅलन्सरची डिस्क दुप्पट केली तर काहीच फरक पडत नाही.

आता लॉगचा गुणाकार करू. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे आहेत. दिवसाला १० लाख रिक्वेस्ट येत असतील आणि एका रिक्वेस्टची ओळ ३०० बाइटची धरली, तर रोजचे ३०० एमबी झाले. १८० दिवसांचे ५४ जीबी. कॉम्प्रेस करून ठेवले तर यातला बराच भार उतरतो, पण मुद्दा असा की हा ढीग लोड बॅलन्सरवर ठेवायची जागाच नाही. यंत्रावर आठवडा-पंधरा दिवसांचे लॉग राहू द्यावेत, बाकीचे रोजच्या रोज वेगळ्या सिसलॉग सर्व्हरवर जावेत. जुनं पण धड चालणारं यंत्र, मोठी डिस्क घातलेलं, या कामाला पुरतं. आपल्या भागातल्या लहान संस्थांनी पहिला खर्च इथे करावा असं मला मनापासून वाटतं, कारण काही गैरप्रकार घडला तर सांगण्यासारखं जे काही हातात असेल ते या लॉगमध्येच असतं.

डिस्क भरली की लगेच कोणी बोंब मारत नाही, आणि तिचा धोका यातच आहे. ट्रॅफिक चालू राहतं. ग्राहक खूश असतात. मात्र आत कॉन्फिगरेशन सेव्ह होत नाही, बॅकअप अर्धवट राहतो, जोडीतल्या दुसऱ्या यंत्राशी सिंक अडतं, वेबवरचं पान लॉगिनच घेत नाही. हे लक्षात येतं ते सुरक्षेचा पॅच तातडीने घालायच्या रात्री. बिग-आयपी एखाद्या भागात ३० टक्क्यांहून कमी जागा उरली की लॉगमध्ये इशारा टाकतं, पण तो इशारा वाचणारं कोणी हवं. तो ईमेलवर किंवा फोनवर येईल अशी सोय पहिल्याच दिवशी करून ठेवावी.

शिवाय डिस्क एकसंध नसते, तिचे भाग पडलेले असतात. पट्टीवर एकूण निम्मी जागा मोकळी दिसत असताना लॉग वगैरे साठवणारा ‘/व्हार’ हा भाग शंभर टक्के भरलेला असू शकतो, आणि शेजारची मोकळी जागा त्याच्या काही उपयोगाची नसते. बिग-आयपीवर ‘/शेअर्ड’ हा भाग सगळ्या बूट जागांना (एकेक आवृत्ती बसवलेल्या जागांना) मिळून एकच असतो. नव्या आवृत्त्यांच्या फायली ‘/शेअर्ड/इमेजेस’मध्ये पडतात आणि अपग्रेड झाल्यावर तिथेच विसरल्या जातात. ‘/व्हार’ आणि ‘/कॉन्फिग’ मात्र प्रत्येक बूट जागेचे स्वतंत्र. अपग्रेड म्हणजे चालू आवृत्तीच्या शेजारी दुसरी पूर्ण प्रत उभी करणं, त्यामुळे तेवढी जागा पहिल्यापासून राखून ठेवावी लागते. पट्टीत ‘अनॲलोकेटेड’ म्हणून दिसणारी जागा वाया चाललीय असं समजून ती संपवू नका. ती याच कामासाठी राखलेली बरी.

साध्या लिनक्सवर दोन गोष्टी तपासायच्या राहून जातात. मोकळी जागा दाखवणारी ‘डीएफ’ कमांड म्हणते डिस्क भरली, फायलींची बेरीज करणाऱ्या ‘डीयू’ने बघितलं तर तेवढं काही सापडत नाही. अशा वेळी बहुधा कोणीतरी मोठी लॉग फाइल उडवलेली असते, पण प्रोसेसने ती अजून उघडी धरलेली असते. ती सेवा पुन्हा सुरू केल्याशिवाय जागा सुटत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे आयनोड, प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंद; त्यांची संख्या ठरलेली असते. लाखो चिमुकल्या फायली साचल्या तर जीबी शिल्लक असूनही नवी फाइल तयार होत नाही.

बदलायची वेळ आली तर

मेमरीचं वाटप दोन्ही दिशांनी बदलता येतं. एका मॉड्यूलची पातळी उतरवून दुसऱ्याची चढवता येते, उद्या परत पहिल्यासारखं करता येतं. मात्र ते चालू यंत्रावर गुपचूप होत नाही. सेवा पुन्हा सुरू होतात, ट्रॅफिक तुटतं, काही बदलांना रीबूटही लागतो. जोडी असेल तर आधी स्टँडबाय (राखीव उभ्या) यंत्रावर बदल करायचा, मग भूमिका बदलून दुसऱ्यावर, आणि शेवटी दोन्हींवर मांडणी एकसारखी आहे ना ते बघायचं.

बिग-आयपीच्या व्हर्च्युअल यंत्रावर डिस्कचे भाग फक्त वाढतात. आधी यंत्र बंद करून हायपरव्हायझरमध्ये (व्हर्च्युअल मशीनं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) डिस्क मोठी करायची, मग आत ‘/व्हार’ किंवा ‘/शेअर्ड’ला नवा आकार द्यायचा, मग रीबूट. एकदा ‘/व्हार’ला ढिगाने जागा दिली की ती परत घेऊन ‘/शेअर्ड’ला देता येत नाही. म्हणून मेमरीत थोडं धाडस चालतं, डिस्कच्या भागांत हात आखडता ठेवावा: लागेल तेवढंच वाढवावं, बाकी न वाटता सोडावं.

दोन्ही जिथे एकमेकांत शिरतात

इतकं वेगळं सांगूनही काही जागी ही दोन्ही गुंततात. व्हीएमवेअर या हायपरव्हायझरवर व्हर्च्युअल मशीनला ८ जीबी मेमरी दिली आणि ती राखून ठेवली नाही, तर मशीन चालू होताना डेटास्टोअरवर (मशीनांच्या डिस्क जिथे ठेवतात त्या जागेवर) तेवढ्याच आकाराची स्वॅप फाइल, म्हणजे मेमरी कमी पडल्यास वापरायची फाइल, तयार होते. म्हणजे मेमरी वाढवल्याने होस्टची डिस्क कमी झाली. पूर्ण मेमरी राखीव केली की ती फाइल शून्यावर येते आणि होस्टला आपल्या लोड बॅलन्सरची मेमरी दुसऱ्याला देताही येत नाही. लोड बॅलन्सरसाठी हे राखीव ठेवणं मी पर्यायी मानत नाही.

उलटंही घडतं. नेटस्केलर या दुसऱ्या लोड बॅलन्सरवर मूळ फाइल सिस्टीम मेमरीतच उभारलेली असते. तिथे ठेवलेली फाइल डिस्कवर असल्यासारखी दिसते आणि रीबूटनंतर नाहीशी होते. टिकवायचं ते ‘/फ्लॅश’ किंवा ‘/व्हार’मध्येच ठेवायचं. लिनक्सवरच्या टेम्पएफएस या मेमरीत राहणाऱ्या फाइल सिस्टीमचंही तसंच: ‘डीएफ’च्या यादीत तो डिस्कच्या भागांबरोबर दिसतो, पण त्यात टाकलेला प्रत्येक एमबी मेमरीतून जातो.

आणि डेटास्टोअरवर डिस्क ‘थिन’ पद्धतीने, म्हणजे लागेल तशी जागा घेणारी, दिली असेल तर आतून दिसणारी मोकळी जागा प्रत्यक्षात असेलच असं नाही. शेजारच्या मशीनांनी डेटास्टोअर भरून टाकलं की लोड बॅलन्सर जागच्या जागी थांबतो, मग आत ‘डीएफ’ कितीही जागा दाखवत असो. त्यामुळे डिस्क तपासताना यंत्राच्या आत एकदा आणि डेटास्टोअरच्या पानावर एकदा, असं दोन्ही ठिकाणी बघावं लागतं.