ब्रिजमधल्या इंटरफेसवर रॉ पॅकेट वाचणे (लिनक्स)

नेटवर्क कार्डावर आलेली फ्रेम (नेटवर्कवरून येणारा डेटाचा एक तुकडा) आयपी, टीसीपी या थरांतून न जाता जशीच्या तशी प्रोग्रामच्या हाती घेणे म्हणजे रॉ पॅकेट वाचणे. लिनक्समध्ये त्यासाठी एएफ_पॅकेट जातीचे सॉकेट (प्रोग्रामने नेटवर्कशी बोलायचे दार) वापरतात. कर्नल (लिनक्सचा गाभा) २.२ (१९९९) पासून ते मिळते. ते उघडायला रूटचे अधिकार किंवा कॅप_नेट_रॉ ही परवानगी लागते. सुट्या कार्डावर यात फारशी अडचण येत नाही. पण तेच कार्ड ब्रिजचे (अनेक कार्डे जोडून एकच नेटवर्क करणाऱ्या सोयीचे) पोर्ट केले, की चालता प्रोग्राम एकाएकी गप्प बसतो. अशा वेळी फायरवॉलवर संशय घेऊन तास घालवण्यापेक्षा सॉकेट कोणत्या प्रोटोकॉलवर उघडले आहे ते आधी पाहावे.

सगळे क्रमावर अवलंबून आहे. फ्रेम आली की कर्नल ती प्रथम ईटीएच_पी_ऑल, म्हणजे सगळे प्रोटोकॉल, मागणाऱ्या सॉकेटांना दाखवतो. टीसीपीडंप हा वाहतूक पाहायचा प्रोग्राम याच जागी बसतो, म्हणून त्याला सगळे दिसते. त्यानंतर फ्रेम ब्रिजच्या ताब्यात जाते. हे काम करणारा आरएक्स-हँडलर हा कर्नलचा भाग २.६.३६ (२०१०) मध्ये आला. विशिष्ट ईथरटाइप (फ्रेममध्ये कोणता प्रोटोकॉल आहे ते सांगणारा क्रमांक) मागणाऱ्या सॉकेटांची पाळी सर्वांत शेवटी येते, आणि तोवर ब्रिजने फ्रेम उचललेली असते.

लातूरच्या एखाद्या अभ्यासिकेत लिनक्सच्या संगणकावर वायरचे आणि वायफायचे कार्ड एकाच ब्रिजमध्ये घातले आहे असे धरू. वायफायचा पासवर्ड पडताळताना मोबाइल आणि संगणक यांच्यात चार निरोप होतात. ते ईएपीओएल या प्रोटोकॉलच्या फ्रेममधून जातात. त्याचा ईथरटाइप हेक्स ८८८ई. संगणकाला वायफाय केंद्र बनवणाऱ्या होस्टएपीडी या प्रोग्रामचे सॉकेट फक्त याच ईथरटाइपवर आणि फक्त डब्ल्यूलॅन० (वायफाय कार्डाचा इंटरफेस) वर ऐकत असेल, तर मोबाइलचे उत्तर त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पासवर्ड अचूक असूनही विद्यार्थ्याचा मोबाइल जोडला जात नाही. फ्रेम वायफाय कार्डाच्या स्वतःच्या मॅक पत्त्यावर आलेली असते, त्यामुळे ब्रिज ती बीआर० या स्वतःच्या इंटरफेसवर चढवतो. म्हणूनच होस्टएपीडीच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘ब्रिज’ हा पर्याय ठेवला आहे: तिथे बीआर० लिहिले की तो ब्रिजवरही कान लावतो. ड्रायव्हरची साथ असेल तर नव्या आवृत्त्यांत या फ्रेम एनएल८०२११ (कर्नलशी वायफायबाबत बोलायचा मार्ग) मार्गे थेटही मिळतात.

बीआर० वर ऐकण्याला मर्यादा आहेत. एका पोर्टवरून दुसऱ्या पोर्टकडे परस्पर जाणारी वाहतूक तिथे एरवी दिसत नाही. बीआर० प्रॉमिस्क्युअस (दुसऱ्यांसाठीच्या फ्रेमही घेणारा) केला तरच दिसते. शिवाय फ्रेम कोणत्या पोर्टातून आत आली हेही तिथे कळत नाही, कारण सॉकेटला बीआर० चाच क्रमांक मिळतो. पोर्ट जाणून घेणे गरजेचे असेल तर पोर्टावरच ईटीएच_पी_ऑलने ऐकावे आणि नको ते बीपीएफ फिल्टरने (कर्नलमध्येच चालणाऱ्या चाळणीने) गाळावे.

एलएलडीपी (शेजारच्या उपकरणांना आपली ओळख सांगणारा प्रोटोकॉल) फ्रेमची गोष्ट वेगळी. तिचा ०१:८०:सी२:००:००:०ई हा पत्ता राखीव असल्याने ब्रिज मुळात ती पुढे पाठवत नाही, आणि नव्या कर्नलमध्ये ती पोर्टावरच्या साध्या सॉकेटलाही मिळते. इतर फ्रेम ब्रिजच्या हातून सोडवायच्या असतील तर ईबीटेबल्स या ब्रिजच्या फायरवॉलचे ब्राउट टेबल आहे. त्यात ‘ड्रॉप’ म्हणजे फ्रेम फेकणे नव्हे, तर ब्रिज न करता वरच्या थराकडे देणे.

कोणत्याही इंटरफेसला न बांधलेले ईटीएच_पी_ऑल सॉकेट एकच फ्रेम दोनदा देते, एकदा पोर्टावर आणि एकदा बीआर० वर. बाहेर जाणाऱ्या प्रतीही त्यातच येतात; त्या नको असल्यास कर्नल ४.२० पासून पॅकेट_इग्नोर_आउटगोइंग हा पर्याय आहे.