प्रिंटर ऑफलाइन दिसला तर रिमूव्ह करू नका (अ‍ॅडमिन पासवर्ड नसलेल्यांसाठी)

पावसाळा सुरू झाला की आमच्याकडे सगळ्यात जास्त फोन येतात ते "प्रिंटर ऑफलाइन दाखवतोय" म्हणून. यातलं बरंचसं अ‍ॅडमिन पासवर्ड नसतानाही तुमचं तुम्हाला जमण्यासारखं आहे, म्हणून हे लिहून देतोय, प्रिंटरच्या बाजूला चिकटवून ठेवा.

सगळ्यात आधी एकच विनंती. प्रिंट येत नाही म्हणून कॉम्प्युटरमधून प्रिंटर काढून टाकू नका. सर्व्हरवरचा शेअर केलेला प्रिंटर काढायला पासवर्ड लागत नाही, पण परत जोडताना नवा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) घालायची वेळ आली की विंडोज अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतं आणि काम तिथंच अडतं. मग आमचा माणूस म्हापशाहून पेडण्याला पोचेपर्यंत सगळं लटकतं, इकडे रिसेप्शनवर गेस्ट बिलासाठी उभे. आणि गंमत नाही, खरंच सांगतो, बहुतेक वेळा कॉम्प्युटरमधली एंट्री बरोबरच असते, बिघाड दुसरीकडे असतो.

कुठे, तर लाईट गेली आणि आली की प्रिंटर कधीकधी राउटरच्या आधी चालू होतो, त्याला राउटरकडून आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळत नाही, मग तो स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा नंबर घेऊन बसतो. प्रिंटरच्या स्क्रीनवर नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन बघा, असा नंबर दिसला तर प्रिंटर बंद करा, राउटर पूर्ण चालू होऊ द्या, नेट आलं याची खात्री करा आणि मगच प्रिंटर लावा. झालं.

तसं नसेल तर लॅपटॉप कुठल्या वायफायवर आहे ते बघा. होमस्टे आणि हॉटेलवाल्यांकडे हे फार होतं, स्टाफचा लॅपटॉप गेस्ट वायफायला जोडलेला असतो आणि तिथून ऑफिसचा प्रिंटर दिसतच नाही, तो दिसू नये म्हणूनच गेस्टचं नेटवर्क वेगळं ठेवलेलं असतं.

क्यूमध्ये (प्रिंटच्या रांगेत) प्रिंट अडकली असेल तर परत परत प्रिंट दाबू नका, आपली स्वतःची प्रिंट कॅन्सल करायला पासवर्ड लागत नाही. ती हटत नसेल तर कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, शट डाऊन नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाऊन करून परत चालू केलं तरी विंडोजचा आतला भाग जिथं होता तिथूनच उठतो, अडकलेलं अडकलेलंच राहतं.

आता बरेच जण विचारतात, पासवर्डच देऊन टाका ना. नाही देत, आणि त्याला कारण आहे. २०२१ मध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये (प्रिंटची कामं सांभाळणाऱ्या भागात) प्रिंटनाइटमेअर नावाची मोठी पोकळी सापडली, साध्या युजरच्या लॉगिनवरून खोटा ड्रायव्हर घुसवून अख्खा कॉम्प्युटर ताब्यात घेता येत होता. म्हणून त्याच वर्षी ऑगस्टच्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टनं शेअर प्रिंटरचा ड्रायव्हर घालायचं काम अ‍ॅडमिनपुरतं ठेवलं. ही सेटिंग रजिस्ट्रीतून (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदीतून) बंद करता येते, काही जण करूनही देतात, आम्ही करत नाही. तुमच्या कॉम्प्युटरवर अकाउंट्स असतात, गेस्टच्या पासपोर्टच्या कॉपी असतात, ते उघडं ठेवून चालणार नाही.

एएमसीवाल्यांकडे (वर्षाचा देखभाल करार असलेल्यांकडे) आम्ही राउटरमध्ये प्रिंटरचा आयपी पक्का करून देतो आणि प्रत्येक कॉम्प्युटरवर ड्रायव्हर आधीच घालून ठेवतो, म्हणजे नवीन स्टाफ आला तरी सहसा पासवर्डसाठी अडत नाही. राउटरसाठी छोटा यूपीएसही मिळेल. फक्त त्यावर लेझर प्रिंटर लावू नका, गरम होताना तो एकदम जास्त करंट ओढतो आणि यूपीएस बंद पडतो.

एवढं करूनही प्रिंट आली नाही तर प्रिंटर तसाच राहू द्या, स्क्रीनवरच्या एररचा आणि प्रिंटरच्या आयपीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपला पाठवा, पुष्कळदा रिमोटवरूनच काम होतं.