वेग वाढवायचा की कमी करायचा? जहाजमालकांपुढच्या पेचाची पार्श्वभूमी

धोक्याच्या पाण्यात शिरणाऱ्या मालवाहू जहाजाच्या कॅप्टनला आज दोन सल्ले मिळतात. सुरक्षेचा सल्ला असा, की इंजिनाला पूर्ण जोर लावा आणि कुठेही रेंगाळू नका. कार्बनचा हिशेब बघणारा सांगतो, वेग आवरा, इंधन वाचवा. आपापल्या जागी दोघंही बरोबर आहेत. पण हे नियम वेगवेगळ्या दुर्घटनांमधून, वेगवेगळ्या माणसांनी घडवले. ते एकाच जहाजावर एकत्र येतील तेव्हा काय होईल, याचा विचार फारसा झाला नाही. आजच्या पेचाचं मूळ मला तिथे दिसतं.

पर्यावरणाच्या नियमांची सुरुवात साधारणपणे १८ मार्च १९६७ पासून धरतात. 'टॉरी कॅन्यन' हा अवाढव्य टँकर सुमारे १ लाख १९ हजार टन कच्चं तेल घेऊन ब्रिटनच्या मिलफर्ड हेवन बंदराकडे निघाला होता. भरतीची वेळ चुकू नये म्हणून कॅप्टनने जवळचा मार्ग धरला आणि जहाज कॉर्नवॉलजवळच्या खडकांवर चढलं. तेल जाळून टाकण्यासाठी ब्रिटनने विमानांतून बॉम्ब टाकले, तरी किनारे काळे पडायचे ते पडलेच. मग प्रश्न आला भरपाईचा. ध्वज लायबेरियाचा, मालकी बर्म्युडात नोंदलेल्या कंपनीची, खलाशी इटालियन, भाड्याने घेणारी कंपनी आणखी तिसरीच. धरायचं कुणाला? शेवटी याच मालकीचं दुसरं जहाज सिंगापूरला आलं, तेव्हा एका वकिलाने त्यावर चढून कोर्टाचा हुकूम डोलकाठीला चिकटवला. तेव्हा कुठे तडजोडीची बोलणी सुरू झाली.

त्या घटनेतून दोन गोष्टी निघाल्या. १९६९च्या करारामुळे तेलगळतीची भरपाई थेट जहाजमालकावर आली, आणि मोठ्या टँकरना विम्याची सक्ती झाली. दुसरी गोष्ट म्हणजे जहाजांमुळे होणारं समुद्राचं प्रदूषण रोखणारा १९७३चा 'मारपोल' करार. १९७८मध्ये त्यात भर पडली आणि प्रत्यक्ष अंमल सुरू व्हायला १९८३चा ऑक्टोबर उजाडला. पुढेही चाल हीच राहिली. १९८९मध्ये अलास्कात 'एक्सॉन व्हाल्डेझ' फुटलं, मग टँकरना दुहेरी कवच आलं. 'एरिका' (१९९९) आणि 'प्रेस्टीज' (२००२) बुडाल्यावर एकेरी कवचाचे टँकर आणखी लवकर बाद करायचं ठरलं.

पाण्याचे नियम मार्गी लागल्यावर हवेची पाळी आली. जहाजाच्या इंधनात गंधकाची मर्यादा २०१२पासून ३.५ टक्के होती, ती १ जानेवारी २०२०पासून ०.५ टक्के झाली. स्वस्त जड इंधन वापरता यावं म्हणून अनेक मालकांनी भरपूर पैसा ओतून धुराड्यात स्क्रबर, म्हणजे धुरातलं गंधक धुऊन काढणारी यंत्रं, बसवले. पुढे कित्येक बंदरांनी त्या स्क्रबरचं पाणी समुद्रात सोडायलाच बंदी घातली. नियम मोडणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती नाही, पण नियम पाळूनही फसलेल्या या मालकांची तक्रार मला रास्त वाटते.

त्यानंतर आला कार्बन. २०२३पासून मोठ्या जहाजांना दरवर्षी 'ए' ते 'ई' अशी श्रेणी मिळते. माल वाहण्याची क्षमता आणि कापलेलं अंतर यांच्या तुलनेत किती कार्बन सोडला, यावर ती ठरते. म्हणजे नांगर टाकून वाट बघत बसलेलं जहाज जनरेटरसाठी इंधन जाळतं, पण अंतर कापत नाही, आणि त्याची श्रेणी घसरते. वेगाचं गणित तर फारच कडक आहे. वेग दहा टक्के वाढवायचा तर इंजिनाची ताकद जवळपास एक तृतीयांशाने जास्त लागते. युरोपीय संघाने २०२४पासून जहाजांच्या उत्सर्जनावर थेट पैसेही लावले.

सुरक्षेचा इतिहास याला समांतर चालला. इराण-इराक युद्धात आखातात चारशेहून अधिक व्यापारी जहाजांवर हल्ले झाले. १९८५मध्ये 'अकिले लाउरो' या प्रवासी जहाजाचं अपहरण झालं, त्यातून समुद्रावरच्या अशा हिंसक कृत्यांविरुद्धचा १९८८चा रोम करार आला. ऑक्टोबर २००२मध्ये येमेनजवळ 'लिम्बर्ग' या टँकरवर स्फोटकांनी भरलेली बोट आदळली. एक खलाशी गेला आणि तेलही सांडलं. अमेरिकेतल्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर जहाज आणि बंदर सुरक्षेच्या 'आयएसपीएस' संहितेचं काम सुरू झालंच होतं. जुलै २००४पासून ती लागू झाली.

पण फाटकावर पहारा आणि ओळखपत्रं असल्या बंदोबस्ताचा सोमाली चाच्यांपुढे फारसा उपयोग नव्हता. ते लहान होड्यांतून येत आणि जहाजाच्या कठड्याला शिडी अडकवून वर चढत. २०११च्या सुरुवातीला सातशेहून अधिक खलाशी त्यांच्या ताब्यात होते. मग जहाजांचं रूपच पालटलं. कठड्यांना काटेरी तारांची वेटोळी आली, पाण्याचे जोरदार फवारे आले, भाड्याने सशस्त्र रक्षक आले. आत कुठेतरी एक भक्कम खोली ठेवायची, तिच्यात पाणी, अन्न आणि सॅटेलाइट फोन. चाचे चढलेच तर सगळ्यांनी तिथे जाऊन दार लावून घ्यायचं. या सगळ्याबरोबर सर्वांत भरवशाचं शस्त्र मानलं गेलं ते वेग. १८ नॉटच्या (ताशी सुमारे ३३ किलोमीटर) वर पळणाऱ्या जहाजावर सोमाली चाचे चढल्याची नोंद नव्हती. गंमत नाही, दुर्दैव आहे की नेमक्या त्याच काळात महाग इंधन आणि मंदीमुळे मालक जहाजं संथ चालवायला लागले होते.

१९ नोव्हेंबर २०२३ला येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी हेलिकॉप्टरमधून उतरून 'गॅलेक्सी लीडर' हे मालवाहू जहाज ताब्यात घेतलं आणि पर्यावरण व सुरक्षा हे दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळले. पुढे ते जहाजांवर क्षेपणास्त्रंही सोडू लागले. क्षेपणास्त्रापुढे काटेरी तार काय करणार? मार्च २०२४मध्ये 'ट्रू कॉन्फिडन्स' या मालवाहू जहाजावरचे तीन खलाशी मारले गेले. तांबड्या समुद्रातल्या एका फेरीसाठी युद्धजोखमीचा विमा जहाजाच्या किमतीच्या एक टक्क्याच्या आसपास पोहोचला. दहा कोटी डॉलरच्या जहाजाला हे दहा लाख डॉलर पडत होते. हा समुद्र टाळून केप ऑफ गुड होपला वळसा घालायचा, तर दहा दिवस ते दोन आठवडे जास्त लागतात. तितकं इंधन जास्त, तितका धूर जास्त, आणि युरोपला जायचं असेल तर त्या धुराचे पैसेही जास्त. खलाशांचा जीव वाचवणाऱ्या मालकाला वर कार्बनचं बिल भरावं लागतं.

हल्ला झालेल्या जहाजाचं पुढे काय होतं, हेही तेव्हा दिसलं. 'रुबीमार' हे मालवाहू जहाज सुमारे २१ हजार टन खत पोटात घेऊन बुडालं. ऑगस्ट २०२४मध्ये 'सूनियन' टँकर हल्ल्यानंतर सोडून द्यावा लागला, तेव्हा त्यात दीड लाख टन कच्चं तेल होतं, म्हणजे 'एक्सॉन व्हाल्डेझ'मधून सांडलं त्याच्या चौपट. हुथींनी डेकवर स्फोट घडवले, आगी कित्येक दिवस धुमसत होत्या. सप्टेंबरमध्ये टगबोटींनी टँकर ओढून सुरक्षित पाण्यात नेला आणि अनर्थ टळला.

दरम्यान पाश्चात्त्य देशांनी रशियन तेलावर डिसेंबर २०२२मध्ये किंमतमर्यादा लावल्यानंतर जुन्या टँकरांचा एक छुपा ताफा वाढला. ध्वज सारखे बदलणारे, ठिकाण सांगणारी यंत्रणा बंद ठेवणारे, विमा नेमका कुणाचा हे न कळणारे हे टँकर. १९६९च्या कराराने बंद केलेली पळवाट त्यांनी पुन्हा उघडली आहे. रीतसर नियम पाळणारा मालक त्याच पाण्यात, त्याच भाड्यासाठी त्यांच्याशी स्पर्धा करतो.

२०५०च्या सुमारास नक्त उत्सर्जन शून्यावर आणण्याचं उद्दिष्ट आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३मध्ये स्वीकारलं. त्यासाठीचा जागतिक आराखडा एप्रिल २०२५मध्ये मान्य झाला, पण ऑक्टोबरमध्ये अंतिम शिक्कामोर्तब एका वर्षाने पुढे ढकललं गेलं. जहाज वीस-पंचवीस वर्षं चालतं. मिथेनॉलवर चालणारं घ्यायचं, नैसर्गिक वायूवर की नेहमीच्या तेलावर, याची ऑर्डर मालकाला मात्र आजच द्यावी लागते.