कमरेचा दोर मचाणावर वाचवत नाही

शिकारीची मचाणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संपली, पण नागपूरच्या आसपास मचाण अजून आहे. रानडुकरांपासून पीक राखायला शेतात जागल असते आणि बुद्ध पौर्णिमेला निसर्गप्रेमी पेंचमध्ये पाणवठ्याजवळच्या मचाणावर रात्र काढतात. दोन्हीकडे एकच सल्ला ऐकू येतो: "कमरेला दोर बांध, मग काही होत नाही."

होतं. माणूस पडला की सगळा झटका पोटावर आणि कण्यावर येतो. दोर वर सरकून बरगड्यांखाली रुततो, श्वास कोंडतो, नाहीतर माणूस उलटा होऊन त्यातून निसटतो. खांदे, छाती आणि मांड्यांना पट्टे असलेला हार्नेसच तो झटका वाटून घेतो. त्याची दोरी डोक्याच्या वर, खोडाला बांधायची. बसल्यावर तिला फारशी ढील नको. हार्नेसमध्येही लटकत राहिलात तर पायांत रक्त साचून शुद्ध हरपू शकते. म्हणून पाय हलवत राहा आणि लगेच हाका मारा.

खरा धोका चढता-उतरताना असतो, आणि नेमका तेव्हाच दोर सोडलेला असतो. पहाटे पेंगुळल्या डोळ्यांनी, एका हातात टॉर्च नि दुसऱ्यात डबा घेऊन शिडी उतरू नका, कळकळीनं सांगतो. पिशवी आधी दोरीनं खाली सोडा.